प्लॉटवर भरण टाकण्याआधी परवानगी लागावी का?

मनीषनगरकर
बाजूचा प्लॉट कित्येक वर्षं रिकामा होता आणि आमच्या गल्लीचं पाणी त्याच्यावरून मागच्या नाल्यात जायचं. मे महिन्यात मालकाने टिप्परवर टिप्पर मुरूम टाकून तो अडीच फूट उचलला, कंपाउंडही बांधलं. आता तासभर जोराचा पाऊस झाला की आमच्या अंगणात घोटाभर पाणी. विचारलं तर उत्तर मिळतं, 'माझा प्लॉट, माझा मुरूम.' माझं मत स्पष्ट आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जाणार हे नकाशावर दाखवून मंजूर करून घेतल्याशिवाय एकही टिप्पर खाली होऊ नये.

बेसा_रोड
भाऊ, प्लॉटवाल्याले काहून धरून राहिले? माह्या घरासमोर सिमेंट रोड झाला तं तोच पायरीच्या वर गेला. जुना डांबरी खरवडला नाही, त्याच्यावरच काँक्रीट ओतलं. आता घर बांधणारा माणूस भरण नाही टाकणार तं का करन? आधी रोडची लेव्हल ठरवा, मंग आमाले नियम सांगा.

साइटवरचा
सहमत. त्यातून आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. ती काढून मुरूम दाबावाच लागतो, नाहीतर फरशी उचलते. ही चैन नाही. प्रत्येक भरणासाठी फाइल फिरवायची म्हटलं तर काम वर्षभर लांबेल आणि मधल्या माणसांचं फावेल.

कोर्टकचेरी
मुरूम दाबण्याला कोणी ना म्हणत नाही, हरकत पाणी अडवण्याला आहे. सुखाधिकार कायदा, म्हणजे शेजारच्या जमिनीवरच्या वाट-पाण्यासारख्या हक्कांचा, १८८२ चा. तो सुरुवातीला ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यात आपला मध्य प्रांतही होता, म्हणजे नागपूरला पहिल्यापासून. त्याच्या कलम ७ मध्ये उदाहरणच दिलंय: वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर वाहू देणं खालच्या मालकाला भाग आहे. धागाकर्त्याचं अंगण वर आणि तो प्लॉट मुळात खाली असेल, तर 'माझा प्लॉट' एवढं म्हणून सुटका नाही.

साइटवरचा
म्हणजे दिवाणी दावा. निकाल लागेपर्यंत नातू बांधकाम करेल.

कोर्टकचेरी
शेतजमिनीला तरी जवळची वाट आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतो, फक्त सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. लेआउटमधल्या घराला ती सोय नाही. खरी फट इथे आहे.

पावतीवाला
महसूल खातं मुरमाकडे गौण खनिज म्हणून बघतं. रॉयल्टी, म्हणजे सरकारचं शुल्क, भरली का, वाहतूक पास आहे का, एवढंच तपासतं. विनापरवाना उचलला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. पायाची माती खणून त्याच प्लॉटवर पसरली तर रॉयल्टी मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. या सगळ्यात शेजाऱ्याच्या अंगणाचा प्रश्न येतो कुठे? पावती असलेला मुरूमही पाणी तेवढंच अडवतो.

बेसा_रोड
अन २३ सप्टेंबर २०२३ ले? अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसलं. तिथं कोण्या शेजाऱ्यानं मुरूम टाकला होता?

मनीषनगरकर
तो तलावाचा आणि नदीकाठच्या बांधकामांचा विषय, इथे आणून गल्लीचा प्रश्न झाकू नका. रस्त्याचं म्हणणं मान्य. रस्ता उचलणाऱ्यालाही हाच नियम लावा. पण रस्ता उंच झाला म्हणून प्लॉट उचलायचा, प्लॉट उचलला म्हणून तिसऱ्याने अंगण उचलायचं, ही शर्यत पैसेवालाच जिंकतो. गल्लीत सगळ्यात खाली पेन्शनवर जगणाऱ्यांची जुनी घरं राहतात.

साइटवरचा
ठीक. परवानगी नको, अट घाला: भरण टाकायचं तर कंपाउंडच्या आतून नाल्यापर्यंत पाइप टाकून द्यायचा, स्वतःच्या खर्चाने. प्लिंथ, म्हणजे जोतं, तपासायला येतात तेव्हाच तो बघावा.

बेसा_रोड
अन पाइप चोक झाला की साफ कोण करन, तुमी का मी?

साइटवरचा
ज्याच्या जागेतून जातो तो. सेल डीडमध्येच लिहून घ्या, नाहीतर प्लॉट विकला की नवा मालक कानावर हात ठेवेल.