मदत हवी आहे: केमो चालू असताना आईला कहूची (अर्जुनाची) साल द्यावी का?

नमस्कार. आमचं गाव आरमोरीजवळ, वैनगंगेच्या काठी. आईला (वय 54) स्तनाचा कॅन्सर आहे, केमो नागपूरला चालू आहे. दर 21 दिवसांनी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, असे चार डोस ठरलेत. तीन झाले, चौथा येत्या मंगळवारी. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध. पहिल्या डोसनंतर लघवी लाल झाली तेव्हा रक्तच जातंय म्हणून आई रडायला लागली होती.

केमोआधीच्या टू-डी इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 62 होतं, परवाच्या इकोत 55 आलं. कागद हातात देऊन "पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा" एवढंच सांगितलं. या औषधाने हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात हे मला आत्ता वाचून कळतंय. इकडे आई अंगण झाडता झाडता मध्येच खराटा टेकवून उभी राहते.

मामांनी नाल्याकाठच्या कहूची साल आणलीय. "दुधात उकळून दे तिले, हृदयासाठी याच्यावानी काई नाई," म्हणाले. आजोबांच्या छातीच्या दुखण्यावर आमच्याकडे हाच काढा व्हायचा, त्यामुळे मामांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. शोधलं तर उंदरांवरच्या प्रयोगांत या सालीच्या अर्काने डॉक्सोरुबिसिनची हृदयाला होणारी इजा कमी झालेली दिसते. पण ते उंदीर, आणि अर्क मोजून दिलेला. आमच्या टोपल्यातले लालसर तुकडे मूठभर घ्यायचे की चिमूटभर, हे कोण सांगणार?

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. जी साल हृदयाच्या पेशींना औषधापासून वाचवते, ती गाठीच्या पेशींनाही वाचवणार नाही कशावरून? आईला बीपीची गोळीही चालू आहे आणि सालीने बीपी उतरू शकतं. म्हणून मी अजून दिली नाही. मामा नाराज आहेत.

केमो चालू असताना कोणी ही साल कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून घेतली आहे का? ते नेमकं काय म्हणाले? हृदय जपायला डेक्सराझोक्सेन नावाचं इंजेक्शन असतं असं वाचलं, तीन डोस झाल्यावर त्याबद्दल विचारू का? आणि ईएफ एवढं उतरलंय तर मंगळवारची वाट पाहू, की उद्याच पहाटेच्या एसटीने रिपोर्ट घेऊन निघू?

नुसतं "आमच्याकडे फरक पडला" असं लिहू नका. तेव्हा केमो चालू होती का आणि कोणतं औषध होतं, तेही सांगा.