पुण्याहून सुटणाऱ्या विमानातून दिसणारे दृश्य वर्गात थेट दाखवता येईल का?

भूगोलशिक्षिका, कोथरूड
नमस्कार. काही प्रवासी विमानाच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश इंटरनेटवर थेट दाखवतात, ते पाहून आपलीही जमीन वर्गात बसून अशीच पाहता येईल का, असे माझ्या नववीच्या मुलांनी विचारले. दिवाळीनंतर माझा भाऊ पुण्याहून नागपूरला विमानाने जाणार आहे आणि तो फोन धरून बसायला तयार आहे. उड्डाणापासूनच चित्रण पाठवले तर चालेल का, आणि जागा कोणत्या बाजूची घ्यावी?

विमाननगरकर
ताई, उड्डाणापासून मुळीच नको. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ असून प्रवासी वाहतूक त्याच्या एका भागातून चालते, आणि संरक्षण दलांच्या तळांवर छायाचित्रणाला बंदी आहे. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा तळांवरून उडताना आणि तिथे उतरताना १०,००० फुटांच्या खाली खिडक्यांचे पडदे बंद ठेवण्याचा आदेश काढला होता, यावरून हा विषय किती गांभीर्याने घेतला जातो ते लक्षात यावे. विमान पुरेसे उंच गेल्यावरच भावाने फोन बाहेर काढावा, कर्मचाऱ्यांची सूचना अखेरची मानावी आणि शेजारच्या प्रवाशांचे चेहरे चित्रणात येऊ देऊ नयेत.

संदेशवहन
थेट प्रक्षेपणाला आणखी एक मर्यादा आहे. फोन विमान मोडवर ठेवावा लागतो, त्यामुळे विमानात वाय-फाय असेल तरच चित्र बाहेर जाऊ शकते, आणि भारतीय हवाई हद्दीत ही सेवा ३,००० मीटरच्या वरच देता येते. शिवाय जोडणी सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत असेल, तर चित्र पोहोचायला उशीर होतो आणि एकाच वाहिनीवर सगळे प्रवासी असल्याने ते अडखळतेही. मात्र विमान स्वतःचे स्थान आणि उंची रेडिओवरून सतत कळवत असते. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर मुलांना ते विमान नकाशावर सरकताना वर्गातूनच पाहता येईल.

भूगोलशिक्षिका, कोथरूड
म्हणजे नकाशा थेट आणि चित्रण नंतर, असे करता येईल. पण या मार्गावर दाखवण्यासारखे काय आहे?

दख्खनचा दगड
पुष्कळ आहे. सह्याद्रीची मुख्य रांग मागे राहील, परंतु पुणे आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर आखून पाहा: पैठणचा नाथसागर आणि लोणारचे सरोवर ही दोन्ही त्या रेषेच्या थोडी उत्तरेला, म्हणजे डाव्या खिडकीकडे येतात. विमान मार्ग थोडाफार बदलू शकते, तरीही जागा डावीकडचीच घ्यावी. सकाळचे विमान असेल तर ऊन उजवीकडून येईल आणि डाव्या काचेवर चकाकी येणार नाही.

लोणार साधारण अर्ध्या वाटेवर आहे. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असल्याने निरभ्र हवेत त्याचा गोल काठ वरूनही ओळखू येतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या ठिपक्याला प्रत्यक्ष आकार असतो हे मुलांना पटते. त्याआधी डोंगरांच्या उतारांवर आडव्या पायऱ्या दिसतात का ते पाहायला सांगावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांपैकी कठीण थर टिकले आणि मऊ थर झिजले, म्हणून त्या पायऱ्या झाल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीची सावली पडत असल्याने त्या अधिक ठळक होतात.

भावाला पंखाच्या मागची जागा मिळाली तर उत्तम. फोन काचेच्या अगदी जवळ धरावा, पण टेकवू नये, कारण विमानाची थरथर चित्रात उतरते. चित्रण सुरू केल्याची वेळ मात्र त्याने न विसरता लिहून ठेवावी. त्या वेळेवरून विमानाच्या नोंदलेल्या मार्गावर जागा शोधता येते, आणि समोर दिसणारे पाणी नाथसागराचे की दुसऱ्या कुठल्या धरणाचे, हे मुले स्वतः ठरवू शकतात.