रात्री दोनला बेल वाजवावी असं एक तरी घर आहे का तुमच्याकडे?

जुना_लालबागकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दरदरून घाम, डावा हात जड. बायको ऑफिसच्या कामाला पुण्यात, घरात मी, बाबा आणि पाच वर्षांची पोरगी, ती गाढ झोपलेली. १०८ ला फोन केला, फाईल शोधली, आणि मग दार उघडून पॅसेजमध्ये नुसता उभा, कारण पोरीला ठेवू कुठे? कांदिवलीच्या या बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं झाली आम्हाला. मजल्यावर सहा फ्लॅट. समोरच्यांचं आडनाव माहितीय कारण दारावर पाटी आहे, बाकीच्यांचं शप्पथ माहीत नाही. एकाही बेलवर बोट ठेवायची हिंमत झाली नाही. शेवटी पोरीला चादरीसकट खांद्यावर टाकलं आणि अँब्युलन्समध्ये बसलो. मी सह्या करत होतो आणि ती बाकड्यावर बाबांच्या फायलींच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपली होती.

स्टेंट टाकला, बाबा आता ठीक आहेत. पण त्या रात्री पहाटेपर्यंत फोन चाळत बसलो होतो. ९४० नंबर. गॅसवाला, दोन ब्रोकर, शाळेचा बसवाला, कॉलेजचे मित्र ज्यांच्याशी शेवटचं बोलणं वाढदिवसाला केकचं चित्र टाकण्यापुरतं. एकालाही फोन लावला नाही. सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलं तर ४१ जणांनी हात जोडले. राग नाही, मी पण तेच करतो.

लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, तिथे दार रात्री झोपताना लागायचं तेवढंच. आई आजारी पडली की मी कोणाकडे जेवलो हे तिला संध्याकाळी कळायचं. मग हे सगळं गेलं कुठे, आणि चाळिशीत परत जमवता येतं का? ज्यांनी जमवलंय त्यांनी सांगा.

सातबावन्नची_फास्ट

बाबा बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं आधी.

माझा अनुभव लेडीज डब्यातला. बारा वर्षं विरारहून चर्चगेट, रोज तीच गाडी, तोच डबा, त्याच आठ बायका. दसऱ्याला दाराला तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, माझं डोहाळजेवण वसई ते अंधेरीच्या मध्ये झालंय, ओटी भरताना गाडीने असा ब्रेक मारला की नारळ दोन सीट पलीकडे. यातल्या एकीचंही घर मी पहिली चार वर्षं पाहिलं नव्हतं. पण सासरे गेले तेव्हा सगळ्यात आधी दारात कोण, तर नालासोपाऱ्याची माझी चौथी सीट.

नंतर कुठेतरी वाचलं की अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकांनी २०१८ मध्ये हेच मोजलं होतं. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, नीट मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर तास एकत्र जावे लागतात. मी लगेच हिशोब केला, सकाळचा सव्वा तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठ महिन्यांत २०० तास! रेल्वेने फुकटात करून दिलं आमचं. आणि त्यात असंही होतं की ऑफिसात सोबत काम करताना गेलेले तास तेवढे मोजायचे नाहीत. ते तर माहितीच होतं म्हणा.

आता घरून काम, आठवड्यातून एकदा गाडी, ग्रुप विस्कटलाय. म्हणून तुमचं दुखणं कळतं. तास कुठून आणायचे हा खरा प्रश्न आहे.

आकडेमोड्या

बाबांच्या हृदयावरून आठवलं. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, सुरुवातीला ७२४ पुरुष, काही हार्वर्डचे विद्यार्थी आणि बाकीची बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली पोरं. माणसं म्हातारी होईपर्यंत त्यांची रक्ततपासणी, मुलाखती, घरी जाऊन चौकशी. रॉबर्ट वॉल्डिंगर हे आताचे प्रमुख सांगतात की ऐंशीत कोण धडधाकट असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीत तो आपल्या नात्यांत किती समाधानी होता यावरून जास्त बरा लागला. आता हे सगळे गोरे अमेरिकन पुरुष, बायकापोरं नंतर घेतली अभ्यासात, त्यामुळे लगेच लालबागला लावू नका. आणि औषधं बंद करू नका रे बाबांची, कोणीतरी असा अर्थ काढेल म्हणून सांगतोय.

नळावरची_रांग

मी जरा उलटं बोलणार, रागावू नका.

चाळीचं कौतुक करणारे नेहमी पुरुषच का असतात? मी पण परळच्या चाळीत वाढले. तुमची आई आजारी पडली की तुम्हाला जेवायला कोणी घातलं? कुठल्या तरी काकूंनी, ज्यांनी स्वतःच्या घरचं करून, पाणी भरून वर तुमचं ताट वाढलं. नाती ‘होती’ नाही, ती कोणीतरी राखत होतं, लग्नाचा आहेर लक्षात ठेवून, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठवून. आणि त्याच काकू मी कोणाच्या बाईकवर आले हे आईला मी घरी पोचायच्या आत सांगायच्या, ते पण त्याच पॅकेजमध्ये.

तुमच्या घरी मजल्यावरच्या लोकांची नावं कोणाला माहितीयत? विचारा बायकोला. माझी पैज, तिला सहाही घरं माहीत असतील.

गिरणीचा_भोंगा

वय ७१, टायपिंग हळू आहे.

ताईंचं बरोबर आहे. पण अजून एक सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी. मी खात्यात बदली कामगार होतो. आम्ही जे एकमेकांना धरून राहिलो ते काही फार थोर होतो म्हणून नाही, कोणाकडेच काही नव्हतं म्हणून. वाण्याची उधारी तुंबली की शेजारच्या खोलीतून पीठ, त्यांचं संपलं की आमच्याकडून. मागायची लाज वाटायची, पण मागावंच लागायचं, आणि एकदा मागितलं की समोरचा पण उद्या मागायला मोकळा. आता तुमच्याकडे पैसा आहे देवाच्या दयेने, सगळं ॲपवर येतं. कोणाकडे काही मागायची वेळच येत नाही, मग ओळख होणार कशी. आमचा मुलगा म्हणतो कोणाला त्रास नको. मी म्हणतो दे की थोडा.

जुना_लालबागकर

नळावरची_रांग, पैज जिंकलात. बायकोला सहा नाही, खालच्या मजल्यावरची धरून नऊ घरं माहीत निघाली, वर म्हणाली त्या रात्री मला फोन का नाही केलास, मी इथून समोरच्यांना उठवलं असतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला उगाच टेन्शन नको म्हणून सकाळी कळवलं होतं. दोन दिवस अबोला.

काल भोंगाकाकांचं ऐकून समोरची बेल वाजवली. गुजराती जोडपं, साठीचं. म्हटलं आमची एक चावी ठेवाल का तुमच्याकडे, बाबा एकटे असतात दुपारी. काकींनी चावी घेतली, आत बोलावलं, आणि मग काका जरा चाचरत म्हणाले की त्या रात्री ते जागेच होते, दाराच्या भिंगातून मी पोरीला घेऊन उभा दिसलो, दार उघडू का नको असं करत राहिले, तुम्हाला आवडलं नसतं तर म्हणून. तेवढ्यात लिफ्ट आली.

दोघंही दोन फुटांवर होतो. मध्ये दार.

सातबावन्नची_फास्ट

अरे देवा.

आणि त्यांची चावी घेतलीत का तुम्ही?

जुना_लालबागकर

नाही. सुचलंच नाही. संध्याकाळी जातो.