जुन्या साड्यांच्या टोट बॅगा: किंमत किती लावायची आणि विरलेल्या कापडाचं काय करायचं?

काठपदर_चिंचवड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज प्रश्न घेऊन आलेय. मी घरी जुन्या सुती साड्या, इरकल, नवऱ्याच्या जीन्स, पडदे असं काय काय वापरून टोट बॅगा शिवते. सुरुवात हौस म्हणून झाली, मग सोसायटीतल्या बायका मागायला लागल्या, मग गणपतीच्या आधी एका प्रदर्शनात अर्धं टेबल घेतलं आणि तिथे खरं काय ते कळलं. लोक येतात, हातात घेतात, "अय्या किती गोड" म्हणतात, किंमत विचारतात आणि ३५० म्हटलं की "जुन्याच साडीची ना?" असं म्हणून ठेवून देतात!!

अस्तराचा मांजरपाट (साधं कोरं सुती कापड), बकरम (ताठपणासाठी आत घालतात ते कापड), दोरा, चेन मिळून मला शंभराच्या आसपास पडतात आणि वेळ अडीच-तीन तास जातो कारण प्रत्येक साडीचं कटिंग वेगळं, एकावर एक ठेवून दहा कापता येत नाहीत. म्हणजे ३५० ला विकली तरी तासाला ऐंशी-नव्वद रुपयेच सुटतात, त्यात मशीनचं तेलपाणी आणि टेबलाचं भाडं धरलेलंच नाही.

दुसरं म्हणजे कापड. एकीने तक्रार केली की बॅग बंदापाशी फाटली, टीप जागच्या जागी होती पण साडीच फाटली. आधी बघून कसं ओळखायचं की ही साडी बॅगेचं वजन घेईल की नाही? आणि साड्या कुठून घेता तुम्ही लोक? माझ्या नात्यातली कपाटं आता संपली 😅

---

वाकळवाली_कोल्हापूर

अगं पहिल्यांदा ही समजूत काढून टाक की साडीने वजन घ्यायचंय. साडी फक्त दिसायला, वजन घेणार आतला मांजरपाट आणि बंद. आमच्याकडे वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतात तेव्हा वरची चांगली साडी एकच असते, आत थरावर थर जुनं लुगडं, जुनं धोतर, आणि सगळं धावदोऱ्याने बांधलेलं, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. बॅगेलाही तेच कर. साडी आणि मांजरपाट एकावर एक ठेवून बोटभर अंतरावर धावदोरा घाल नाहीतर मशीनवर लांब टीप मार, दोन्ही मिळून एकच जाड कापड होतं आणि विरलेली साडीसुद्धा चालून जाते. दिसतंही छान आणि गिऱ्हाईकाला कष्ट दिसतात.

पण मांजरपाट आधी रात्रभर भिजव, वाळव, इस्त्री कर, मगच काप. साडी बिचारी पंचवीस वर्षं धुऊन धुऊन आटून बसलेली असते आणि नवा मांजरपाट पहिल्याच धुण्यात आटतो, मग बॅग आतून आखडते आणि वर साडीचे फुगे येतात. लोक म्हणतात शिलाई वाकडी, शिलाई कशाला वाकडी असेल.

साडी बघायची ती उजेडासमोर धरून. जिथून उजेड जास्त येतो तिथे विरलीय. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं ओढायचं, मग उभं ओढायचं, कर्रकन आवाज आला की तो भाग बाद. निऱ्यांचा खालचा भाग, फॉलची पट्टी आणि कमरेला खोचतात तो भाग हमखास गेलेला असतो, पदर आणि पदरालगतचं अंग चांगलं निघतं. साडेपाच मीटरची साडी कागदावर बारा बॅगांची होते, हातात सात-आठच येतात असं धरून चाल. रेशमी असेल तर घड्या बघ, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम घडीवर चिरतं, आधी दिसत पण नाही आणि इस्त्री फिरवली की रेघ उघडते. तसली साडी बॅगेला घेऊच नये, फारतर बकरम चिकटवून छोटे बटवे कर.

आणि बंद वरच्या काठाला नुसता टाचू नकोस. आत सुती नवार, म्हणजे जाड विणलेला पट्टा, घाल, दोन्ही अंगांनी बॅगेच्या तळापर्यंत खाली ने, तळाखालून फिरवून दुसरीकडे वर काढ. वजन पट्ट्यावर येतं, कापडावर येत नाही. ते करायचं नसेल तर निदान चार बोटं खाली घेऊन चौकोन आणि आत फुली अशी टीप मार. झाली की पाच किलो तांदूळ घालून दाराच्या खुंटीला रात्रभर लटकवून ठेव, सकाळी कळतं काय ते.

---

ठाण्याची_टीप

वाकळवाली ताईंच्या सगळ्याला +१. मी फक्त विक्रीचं बोलते.

तू चुकीच्या टेबलावर बसलीयेस गं. जिथे शेजारी दोनशे रुपयाला कुर्ती आणि पन्नासला कानातले आहेत तिथे ३५० ची बॅग महाग दिसणारच. माझा अनुभव असा की तयार बॅगा ठेवून विकण्यात दमछाक जास्त आणि पैसा कमी. माझं घर चालतं ते ऑर्डरवर, म्हणजे लोक त्यांच्या घरातली साडी आणून देतात. आईची, आजीची, सासूबाईंची, कुणाच्या डोहाळजेवणाची. कापड त्यांचं, मजुरी माझी, आणि तिथे कुणी म्हणत नाही "जुन्याच साडीची ना". एका साडीतून तीन बहिणींना तीन बॅगा, वर भाच्यांना पाऊच, अशी ऑर्डर येते एकदम. मी मोठ्या टोटला ६५० शिलाई घेते, आत चेनचा खिसा आणि किल्ली अडकवायला हूक, आणि अजून तरी घासाघीस झाली नाहीये.

पण यात जबाबदारी मोठी. गेलेल्या माणसाची साडी असते, एक कात्री चुकली की भरपाई कशाने करणार? म्हणून साडी हातात आली की समोरच पूर्ण उलगडायची, भोकं, डाग, विरलेली जागा सगळ्याचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, कुठून कापणार ते खडूने आखून परत फोटो, आणि त्यांनी "हो कापा" असं लिहून पाठवल्याशिवाय हात लावायचा नाही. तोंडी हो चालत नाही, नंतर घरातला दुसरा कुणीतरी उगवतो की आम्हाला विचारलं नाही. उरलेलं कापड अगदी चिंध्यांसकट परत द्यायचं. आगाऊ निम्मे पैसे, नाहीतर बॅगा शिवून तशाच पडून राहतात.

आणि जरीची साडी आली तर आधी त्यांनाच सांग की जरीवाल्याला दाखवून या. जुन्या साड्यांत खरी जरी म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी, ती काळी पडली म्हणून लोकांना वाटतं साडी गेली. असली साडी कापायला मी सरळ नाही म्हणते. पैठणी तर लांबच राहूदे, तिचा ड्रेस होतो, दुपट्टा होतो, भाजीची पिशवी कशाला करायची??

---

हिशेबवही

दोन्ही ताईंनी छान लिहिलंय पण मूळ पोस्टमधलं गणित कुणी केलं नाही. तासाला ऐंशी-नव्वद सुटतात म्हणताय त्यात साडी फुकट धरलीय. आता नात्यातली संपली म्हणजे विकत आणणार, तिचे पैसे, धुण्याचे, आणि साडेपाच मीटरमधून वाया गेलेल्या भागाचेही पैसे बॅगेवर चढवा. मग ३५० परवडतच नाही. एकतर ५०० च्या वर जा आणि बॅग तशी दिसेल अशी करा नाहीतर अस्तर-चेन काढून टाका, साधी घडी घालून पर्समध्ये मावणारी पिशवी करा, अर्ध्या तासात होणारी, ती १५० ला द्या. मधलं काहीतरी करून दमू नका.

कागदपत्रांचं पण सांगून ठेवतो. मालाच्या विक्रीला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन साइटवर विकायचं तर आधी जीएसटी नंबर सक्तीचा होता, ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात नंबराशिवाय विकता येतं, फक्त जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट करावी लागते. राज्याबाहेर पाठवायचं म्हटलं की नियम बदलतात, हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे पण तुमची बॅग त्यात बसते का हे सीएला विचारा, इथे विचारू नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र करून टाका, सरकारी साइटवर फुकट आहे, कुणी एजंट त्याचे हजार रुपये मागत असेल तर देऊ नका.

अजून एक, थोडं खटकेल. हल्ली पुष्कळजण नवे इरकल नि खणाचे कटपीस आणून त्याच्या बॅगा "व्हिंटेज" म्हणून विकतात. कटपीस वापरण्यात काही वाईट नाही, वाया जाणारंच कापड आहे, पण मग कटपीस म्हणा ना. खऱ्या जुन्या साडीवाल्यांची किंमत त्यानेच पडते.

---

काठपदर_चिंचवड

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी. नवारीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. ठाणेकर ताई, ऑर्डरवाली आयडिया पटली पण इतक्या भावनांची साडी कापायची म्हणजे माझ्या हाताला घाम फुटेल 🙈 हिशेबवही, कटपीसचं शंभर टक्के मान्य.

साड्या कुठून आणायच्या ते राहिलंच की.

---

वाकळवाली_कोल्हापूर

बोहारीण येते का तुमच्याकडे? भांड्यांवर कपडे घेणारी. तिच्याशी ओळख करून ठेव, तिला सांग सुती काठाच्या साड्या बाजूला ठेव, मी रोख देते. तिला हजार कपड्यांतून काय चांगलं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. शिवाय जुनी सोलापुरी चादर मिळाली तर सोडू नकोस, जाड असते, अस्तराशिवाय सुद्धा उभी राहते.

---

टेम्सकाठची_मावशी

इथे इंग्लंडात २०१५ पासून मोठ्या दुकानांत प्लॅस्टिक पिशवीला पैसे मोजावे लागतात, त्यामुळे प्रत्येकाच्या घरी दारामागे कापडी टोटचा ढीग आहे, अर्ध्या तर कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात फुकट मिळालेल्या. त्यामुळे साधी टोट कुणी विकत घेत नाही. मंडळाच्या गणपतीत मी बहिणीकडून आणलेल्या विकल्या त्यात गेल्या फक्त इरकलचा पदर पुढे असलेल्या, वरून चेन असलेल्या आणि लॅपटॉप मावणाऱ्या. चेन नसेल तर ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, कुणी नेत नाही. आणि रंग जातो का बघून दे बाई, ओला पांढरा रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री दाब, रुमालाला लागला तर ती साडी अस्तराला पण नको. पावसात माझ्या फिक्या कोटावर लाल रंग उतरला होता, तो अजून तसाच आहे.

---

ठाण्याची_टीप

चेन रोलने घे, मीटरवर, आणि रनर (चेन उघड-बंद करायचा सरकता तुकडा) वेगळे डझनाने. तू चिंचवडची म्हणजे पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी आहेच, हूक, कड्या, नवार सगळं तिथे मिळेल. जुन्या कापडासाठी पुण्यातलाच दर रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार एकदा फिरून ये, सकाळी लवकर जा.

---

काठपदर_चिंचवड

या रविवारी जातेच. शेवटचं विचारते, जीन्स आणि साडी एकत्र जोडताना माझी सुई सारखी तुटते, चौदा नंबर वापरतेय. सोळा घेऊ का अठरा?

---

वाकळवाली_कोल्हापूर

सोळा. अठराने साडीला भोकं दिसतील. जीन्सची जाड शिवण जिथे येते तिथे आधी हातोडीने ठोकून चपटी कर आणि तेवढी चार-पाच टीप पाय न मारता हाताने चाक फिरवून काढ.