‘थ्येनशू’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती: न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये २०१३-१४च्या हिवाळ्यात समकालीन चिनी शाईकलेचं प्रदर्शन पाहिलं होतं. ३५ कलाकार, सत्तरेक कलाकृती. त्यावर आत्ता कुठे लिहायला बसले, तर शू बिंग या चिनी कलाकाराच्या ‘थ्येनशू’ या मांडणशिल्पाच्या नावावर अडले. छतावरून झोळीसारखे लोंबणारे लांबच लांब कागद, खाली उघडी पुस्तकं, सगळीकडे चिनी अक्षरं. जवळपास ४०००, आणि त्यातलं एकही खरं नाही! सगळी त्यानं रचलेली. इंग्रजी नावावरून ‘आकाशातून आलेलं पुस्तक’ लिहिलं, पण ते परीकथेसारखं वाटतंय. ‘आकाशपोथी’?

जुळारी: पोथीची पानं सुटी असतात. ही पुस्तकं दोऱ्यानं शिवलेली आहेत, म्हणजे आपलं ‘बाड’ जवळचं. पण बाड हाताने लिहिलेलं, हे छापील. शू बिंगनं छपाईचे लाकडी खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, एकेक करून उलटे कोरले, १९८७ पासून काही वर्षं. आमच्या छापखान्यात शिशाचा एक खिळा उलटा लागला तरी मालक डोक्यावर बसायचे.

पूर्वेकडचा: ‘थ्येन’ म्हणजे आकाश, स्वर्गसुद्धा. पण ज्याचा काही पत्ता लागत नाही अशा लिखाणालाही चिनीत ‘थ्येनशू’च म्हणतात. शू बिंगनं दिलेलं नाव वेगळं आणि जडजंबाल होतं. हे लोकांनी पाडलेलं, तेच टिकलं. म्हणून आकाश सोडा.

धागाकर्ती: मग ‘अवाच्य’?

जुळारी: अवाच्य शिव्या असतात! ‘अवाचनीय’ म्हणजे कंटाळवाणं, ‘गिचमिड’ म्हणजे वाईट अक्षर. ‘दुर्बोध’मध्ये अर्थ असतो, फक्त हाती लागत नाही.

धागाकर्ती: मोडीची उपमा चालेल? मला एक अक्षर लागत नाही.

पूर्वेकडचा: तुम्हाला लागत नाही, पण जाणकाराला लागतं. इथे जाणकारच नाही. शिवाय देवनागरीत ‘ढ्ग्ळृ’ असं काहीही लिहिलं तरी तोंड वाकडं करून ते म्हणता येतं. ही अक्षरं म्हणताही येत नाहीत. मात्र त्यांचे घटक ओळखीचे, त्यामुळे चिनी माणसाला आधी वाटतं की आपणच विसरलो.

जुळारी: मग सरळ ‘ओ की ठो’ म्हणा की. ओ कळत नाही, ठो कळत नाही.

धागाकर्ती: हे झकास आहे! शीर्षकात ‘थ्येनशू’ ठेवते, आणि पहिल्याच वाक्यात ‘ओ की ठो’. संपादकांनी कापलं नाही म्हणजे मिळवली.