'कथा'तला राजाराम, आईचा बाशू आणि माझा प्रश्न

सांजवात

गेल्या रविवारी आई आणि मी 'कथा' पाहिला. सई परांजपे यांचा. आईने तो लग्न ठरायच्या सुमारास थिएटरात पाहिलेला, मी पहिल्यांदाच. सिनेमा निम्म्यावर आला आणि आई एकदम म्हणाली, "मला तेव्हा बाशूसारखाच नवरा हवा होता. मिळाला राजाराम." बाबा समोरच मटार सोलत बसले होते. ते हसले, सोललेल्या दाण्यांची मूठ आईच्या ताटलीत टाकली आणि पुढची शेंग घेतली.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईतली चाळ. राजाराम (नसीरुद्दीन शाह) बुटांच्या कंपनीत कारकून. चाळीतल्या सगळ्यांच्या कामाला धावून जाणारा. समोरच्या संध्या सबनीसवर (दीप्ती नवल) त्याचं प्रेम, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मग त्याचा मित्र बाशू (फारूख शेख) येतो. याच्याच खोलीत राहतो, याचेच कपडे घालतो, थापा मारून याच्याच कंपनीत मोठी नोकरी मिळवतो आणि सगळ्या चाळीला खिशात टाकतो, संध्यासकट. मूळ नाटक मराठी आहे, स. गं. साठे यांचं 'ससा आणि कासव'. नावातच सगळं आलं.

मला सिनेमा फार आवडला आणि तरी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. कारण संध्या राजारामकडे येते ती बाशू पळून गेल्यावर. त्याचा चांगुलपणा तर पहिल्या दिवसापासून तिच्या समोरच्या दारात उभा होता. तो तिला दिसला का नाही? की दिसला होता, पण त्याच्याकडे पाहून छातीत काही हललं नाही? माझ्या तर हललं. शेवटी संध्या आपलं आणि बाशूचं कुठवर गेलं होतं ते राजारामला स्वतःहून सांगते आणि तरीही त्याचं मन बदलत नाही, तिथे मी रडले. तो उपकार करतोय असं मला कुठेही वाटलं नाही. त्याला ती हवीच होती, कालही आणि आजही.

थोडं स्वतःबद्दल. मी एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात काम करते. वय तेहतीस. घरात स्थळं बघणं चालू आहे. मागच्या वर्षी एका मुलाला दोनदा भेटले. बोलायला इतका छान, की दोन तास मी नुसती हसत होते. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय बोललात?" त्याची नोकरी, त्याची लडाखची ट्रिप, त्याचा बॉस, सगळं मी घडाघडा सांगितलं. मग आईने विचारलं, "आणि तू काय सांगितलंस?" मला काहीच आठवेना. मी काहीच सांगितलं नव्हतं, त्याने विचारलंच नव्हतं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याच फोनची वाट बघत होते, हेही खरं.

म्हणून प्रश्न असा: सिनेमात एखाद्याच्या निव्वळ चांगुलपणावर तुमचा जीव जडलाय का? 'किती गुणी मुलगा' असं वाटणं वेगळं, मी खरोखर प्रेमात पडण्याबद्दल विचारते आहे. आणि तो नेमका कोणत्या प्रसंगात जडला? कृपया प्रसंग सांगा, नुसती नावं नकोत.


कडधान्य

माझं उत्तर 'चश्मेबद्दूर', १९८१. दिग्दर्शिका याच आणि फारूख शेखही हाच, पण बाशूच्या अगदी उलट टोकाला. नेहा दारोदार चमको साबण पावडर विकत फिरते. सिद्धार्थचे खोलीतले मित्र ओमी आणि जय, दोघांनी तिच्या मागे जाऊन आपटी खाल्लेली आणि खोलीवर येऊन खोट्या फुशारक्या मारलेल्या. मग ती सिद्धार्थच्या (फारूख शेख) दारात उभी राहते. तो एकटाच आहे, अर्थशास्त्राचा अभ्यास चाललाय. ती कळकट टॉवेल मागून घेते, बादलीत फेस काढून दाखवते, पाठ केलेलं भाषण म्हणते. आणि तो ऐकतो! तिचं काम हे काम आहे, असं समजून ऐकतो. मी स्वतः दोन वर्षं घरोघरी वॉटर फिल्टर विकले आहेत. दार उघडून पूर्ण ऐकून घेणारा माणूस म्हणजे काय, हे मला विचारा. त्या प्रसंगात मी सिद्धार्थच्या प्रेमात पडले ती पडलेच.

तुमच्या आईला बाशू आवडला यात नवल नाही. ते हसू तेच आहे. एका सिनेमात त्या हसण्यामागे माणूस होता, दुसऱ्यात नव्हता, आणि पहिल्या भेटीत हा फरक कुणालाच ओळखता येणार नाही. फारूख शेख यांनी दोन्ही वेळा हसू बदललं नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.


माळरान

कडधान्य, सिद्धार्थबद्दल अर्धं मान्य. पण याच सिद्धार्थने पुढे मित्रांनी कान भरल्यावर नेहावर संशय घेतला. तिला एकदा धड विचारलंसुद्धा नाही. बुजरा असणं आणि चांगला असणं यात आपण फार गल्लत करतो, असं मला पुरुष म्हणून वाटतं. 'छोटी सी बात'मधला अरुणच घ्या. अमोल पालेकर म्हणून आपल्याला गोड वाटतो, पण तो बसस्टॉपपासून प्रभाच्या मागे मागे जातो आहे. माझ्या मुलीच्या मागे रोज कुणी असं आलं तर मी काय म्हणेन? प्रभाला तो आवडत होता हे आपल्याला पुढे कळतं म्हणून खपून जातं. आणि प्रभाच्या ऑफिसातल्या नागेशच्या स्कूटरवर मात करायला त्याला शेवटी खंडाळ्याला जाऊन कर्नलसाहेबांकडून ऐट शिकावी लागते. म्हणजे सिनेमाच सांगतोय की नुसत्या साधेपणावर काही होत नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर: 'चितचोर', १९७६. घरच्यांनी परदेशातून येणारा इंजिनिअर समजून ज्याची खातिरदारी केली तो विनोद (पुन्हा पालेकरच) निघतो ओव्हरसियर, म्हणजे इंजिनिअरच्या हाताखालचा माणूस. तोवर तो गीताला गाणं शिकवू लागलाय, छोट्या दीपूशी त्याची गट्टी जमली आहे. खरा इंजिनिअर सुनील आल्यावर गीताच्या आईचं वागणं बदलतं, आणि विनोदचं मात्र बदलत नाही. कुणी मान दिला तेव्हा जसा होता तसाच मान काढून घेतल्यावरही. मी साइटवर नोकरी करतो. साहेबांसाठी खुर्ची आली की ओव्हरसियरला उठवतात, हे रोजचं आहे. उठवल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय राहतं, ते पालेकरांनी बरोबर दाखवलंय.


सांजवात

माळरान, बुजरेपणाचा मुद्दा मला लागला. खरंच, राजाराम बोलत नाही ते चांगुलपणामुळे नाही, भीतीमुळे. ती दोन्ही एकाच अंगावर असल्यामुळे मला एकच वाटली.

काल हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "संध्याला दोष देऊ नकोस. राजारामने विचारलं असतं तर ती विचार तरी करू शकली असती. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कसं देणार?" मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी विचारलं होतं." मला हे माहीतच नव्हतं. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर बाबांनी म्हणे निरोप पाठवला, की तिला एकटीला विचारा, तिचा होकार घरच्यांच्या सांगण्यावरून नको. आजोबांना राग आला होता. आई बाशूची स्वप्नं बघत होती तरी 'हो' म्हणाली, ती त्या निरोपामुळे. इतक्या वर्षांत हे तिने मला काल पहिल्यांदा सांगितलं.


शेवग्याची शेंग

मी जरा वेगळी बाजू मांडते. 'सर' पाहिलाय का कुणी? रोहेना गेरा यांचा, २०१८ साली कान महोत्सवात क्रिटिक्स वीकमध्ये दाखवला गेला. तिलोत्तमा शोम यांनी रत्ना केली आहे, खेड्यातून मुंबईत कामाला आलेली तरुण विधवा, मराठी बोलणारी. ती अश्विनच्या घरी राहून घरकाम करते आणि तिला कपडे डिझाइन करायचेत. अश्विन खरोखर सज्जन आहे. आवाज चढवत नाही, तिला शिलाई मशीन आणून देतो, तिच्या शिकण्याची चौकशी करतो.

पण तो चांगला आहे म्हणून रत्ना हुरळून जात नाही. गच्चीवर काय बोललं जाईल, गावाकडे काय कळेल, याचा हिशेब तिला करावाच लागतो, त्याला नाही. ज्याच्या हातात पगार आहे त्याचा चांगुलपणा घेताना दहादा विचार करावा लागतो. माझी आई पंचवीस वर्षं चार घरी पोळ्या करायची. त्यातल्या एका घरचे काका फार मायेने बोलायचे. आई म्हणायची, "बोलतात चांगलं, पण कप वेगळाच ठेवलाय."

म्हणून मला शेवटचा फोन इतका आवडतो. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य वाचू नये.) सगळा सिनेमाभर 'सर' म्हणणारी रत्ना एकदाच म्हणते, 'अश्विन.' माझा जीव जडला तो तिच्यावर. तिने ते म्हणेपर्यंत तो थांबला, म्हणून थोडासा त्याच्यावरही.


कडधान्य

शेवग्याची शेंग, कपाचं वाक्य वाचून थांबले. आभार, इथे लिहिल्याबद्दल.

माळरान, संशयाचं मान्य आहे. सिद्धार्थला तिथे मी माफ केलेलं नाही. पण प्रेम काही उतरलं नाही.


उंबरठा ओलांडून

मीही एक घालतो. 'द लंचबॉक्स', २०१३. इलाचा डबा चुकून साजन फर्नांडिसकडे जातो आणि त्याची पहिली चिठ्ठी काय, तर आज जेवण खारट होतं. स्तुती नाही, शायरी नाही. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा करते, कारण कुणीतरी तो खाऊन लक्ष दिलं. तिच्या नवऱ्याला डबा बदललाय हेही कळलेलं नाही!

माटुंग्याच्या इराणी हॉटेलात ती एकटी वाट बघत बसते, तो येतो, लांबून बघतो आणि समोर जात नाही. मी हे चार वेळा पाहिलंय आणि मला अजून ठरवता येत नाही. आपण म्हातारे झालो, तिला आपलं ओझं नको, हा चांगुलपणा की पळपुटेपणा? ती पाण्याचे ग्लास संपवत बसली होती हो. निर्णय तिचा होता, तो त्याने परस्पर घेऊन टाकला. बायको गेल्यानंतर माझ्या बाबतीत असंच काहीसं झालं होतं, मी गेलो नव्हतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.


सांजवात

उंबरठा ओलांडून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला वाटतं तो पळपुटेपणाच होता, पण दुसऱ्या दिवशी त्याने तिला खरं लिहून कळवलं, एवढ्यासाठी तो माझ्या लेखी वर आला. उशिरा का होईना, कळवणं महत्त्वाचं. हे तुम्हाला उद्देशून आहे असं समजलात तरी चालेल.

आता मीही एक सांगते, सिनेमातलं नाही. आमच्या वाचनालयात एक सभासद आहेत. वर्षापूर्वी त्यांनी एक पुस्तक परत केलं तेव्हा त्याचा निखळलेला पुठ्ठा नीट चिकटवलेला होता. नेताना तो निखळलेलाच होता, नोंदवहीत माझ्याच अक्षरात 'बांधणी सैल' असं लिहिलंय. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. त्यानंतर सात पुस्तकं तशीच दुरुस्त होऊन आली. आमच्याकडे एक आजोबा येतात, नजर गेली आहे, पण रोज शेल्फपाशी उभं राहायचं असतं. हे सभासद शनिवारी त्यांना पुस्तकांची नावं वाचून दाखवतात. आजोबा एकेका नावावर 'वाचलंय' किंवा 'राहिलं' म्हणतात. तेवढाच कार्यक्रम. पाऊण तास चालतो.

वर्षभर मी त्यांना 'सज्जन गृहस्थ' या कप्प्यात ठेवून दिलं होतं. या धाग्यावर तुम्हा सगळ्यांचे प्रसंग वाचताना लक्षात आलं, की शनिवारी मी देवघेवीच्या टेबलावरून उठून शेल्फाजवळचं काम काढते. मुद्दाम काढते. आजोबा 'राहिलं' म्हणाले की ते पुस्तक हे बाजूला काढून ठेवतात आणि पहिलं पान वाचून दाखवतात. त्या आवाजासाठी मी तिथे उभी असते.

आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "तुला काही विचारतो का तो?" विचारतात. परवा विचारलं, "तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय?" मी नाव सांगितलं. ते मागच्या बाजूला चष्मा शोधायला गेले, परत येऊन ते नाव वहीत लिहून घेतलं.


माळरान

ताई, मग राजाराम कोण, तुम्ही की ते? विचारून टाका.


सांजवात

शनिवारी सुट्टी नाहीये. साडेपाचला वाचनालय बंद होतं, आजोबांना रिक्षात बसवेपर्यंत पावणेसहा होतात. त्यानंतर विचारणार आहे, चहाला येता का म्हणून.

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. मटार सोलताना सांगेन.