मदत हवी आहे: मेनूत २५ फ्रेम्स सापडतच नाहीयेत, उद्या शूट आहे

चौकट:
तातडीचं आहे. उद्या सकाळी तीन कॅमेऱ्यांचं शूट, बाकीचे दोघं सेकंदाला २५ फ्रेम्सवर चालवणार आणि माझ्या मेनूत फक्त २३.९८, २९.९७ आणि ५९.९४ एवढंच येतंय. २५ नाही, ५० पण नाही. फॉरमॅटचं पान चार वेळा वरून खाली बघून झालं, रिसेट मारला, परत तेच. माहीत असेल त्याने पटकन सांगा, मी इथेच बसलोय.

खटका:
कॅमेरा कोणता? मॉडेल नाही, फर्मवेअर नाही, कसं सांगणार. तुमचा आहे की भाड्याचा? आणि रिसेट कोणता मारलात, त्या पानापुरता की सगळा?

कातरकाम:
एवढं टेन्शन घेऊ नका, २९.९७ वर शूट करा आणि एडिटला २५ च्या टाइमलाइनवर टाका. मी कितीदा केलंय, कुणाच्या लक्षात येत नाही.

जुनीफीत:
येतं हो लक्षात. सेकंदाला जवळपास ५ फ्रेम्स गाळायच्या म्हणजे पॅन करताना झटके दिसणारच. एका जागी बसून बोलणारा माणूस असेल तर खपून जातं, पण कुणी चालत गेलं की पाय अडखळल्यासारखे दिसतात, आणि शेजारी दोन कॅमेरे खऱ्या २५ वर असतील तर फरक अजूनच डोळ्यात येतो.

कातरकाम:
ऑप्टिकल फ्लो लावा की मग, सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून देतं.

जुनीफीत:
आणि बोटांच्या कडा वितळल्या की? जे कॅमेऱ्यात एका सेटिंगने होतं ते एडिटरच्या गळ्यात का मारायचं.

उजेडवाला:
आधी शटर बघा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, १/६० ठेवलंत तर फ्लिकर येणार. १/५० किंवा १/१०० ठेवा. शटर अंशात असेल तर २५ ला १८० म्हणजेच १/५०. अगदी २९.९७ वर अडकलात तरी १/५० च ठेवा.

चौकट:
शटरचं नाही हो विचारलं, फ्रेमरेट विचारलाय. कॅमेरा भाड्याचा आहे, खांद्यावरचा, आजच हातात आलाय, आधीच्याने काय काय बदलून ठेवलंय देव जाणे. रिसेट बहुतेक त्या पानापुरताच होता.

जुनीफीत:
मग फॉरमॅटच्या पानावर शोधूच नका, तिथे ते येणारच नाही. सिस्टीम किंवा सेटअपच्या मेनूत जा, तिथे फ्रिक्वेन्सी अशी ओळ असते, काही कॅमेऱ्यांत एनटीएससी / पाल (५९.९४ आणि ५० च्या पद्धतींची जुनी टीव्हीची नावं) असं लिहिलेलं असतं. ती ५९.९४ वर असेल तर २५ आणि ५० यादीत दिसतच नाहीत. ५० करा, कॅमेरा स्वतः बंद होऊन चालू होईल, मग फॉरमॅट बघा.

चौकट:
सापडली ओळ! ५९.९४ च आहे. पण राखाडी आहे, डायल फिरवला की कर्सर तिच्यावरून उडी मारून खालच्या ओळीवर जातो, सिलेक्टच होत नाही.

दुसराटेक:
मी तर म्हणतो बाहेरचा रेकॉर्डर लावा, मेनूची कटकटच नको.

खटका:
रेकॉर्डर लावून काय होणार, कॅमेरा बाहेर ५९.९४ च देणार ना. @चौकट, प्री-रेकॉर्ड चालू आहे का बघा, काही ठिकाणी कॅश म्हणतात. त्यात बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद सतत मेमरीत भरत असतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने काम चालूच असतं, मग तो फॉरमॅटला हात लावू देत नाही. इंटरव्हल आणि स्लो मोशन पण बंद करा. आणि प्लेबॅकमध्ये नाही ना तुम्ही?

नवाहात:
याच धाग्यात विचारतो, झेब्रा, म्हणजे ठराविक उजेडाला स्क्रीनवर येणारे पट्टे, ७० वर ठेवायचा की १०० वर?

उजेडवाला:
दोन्ही लावा, कामं वेगळी आहेत. १०० चा पांढरं जळतंय का ते सांगतो. ७० चा चेहऱ्यासाठी, उजळ कातडीवर फक्त कपाळावर आणि गालाच्या उंचवट्यावर पट्टे आले की थांबा. सावळ्या चेहऱ्याला ७० पर्यंत ओढू नका. लॉगमध्ये (नंतर रंग करायला फिकट रेकॉर्ड करतात ते) हे आकडे चालत नाहीत, तिथे बरेच खाली येतात.

चौकट:
प्री-रेकॉर्डच होतं!! बंद केल्या केल्या ओळ पांढरी झाली, ५० केलं, कॅमेरा रीस्टार्ट झाला आणि २५ समोर. खूप खूप आभार @खटका @जुनीफीत. आता टाइमकोडमध्ये (प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळेचा नंबर) ड्रॉप फ्रेमची ओळ गायब झालीये, काही बिघडवलं का मी?

जुनीफीत:
नाही. ड्रॉप फ्रेम २९.९७ आणि ५९.९४ साठीच असतं. २९.९७ ला ३० धरून मोजलं तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, तो भरून काढायला काही नंबर गाळतात, चित्र गाळत नाहीत. २५ ला हिशोब सरळच असतो. मात्र कार्ड आत्ताच त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, काही कॅमेरे जुन्या फ्रिक्वेन्सीच्या कार्डावर रेकॉर्ड करत नाहीत. आधीच्याचं फुटेज असेल तर पहिलं कॉपी करून घ्या.

खटका:
आणि सगळं जमलं की सेटिंग फाइल एका कार्डावर सेव्ह करून ठेवा. सकाळी बाकीच्या दोघांशी टाइमकोड जुळवताना फ्री रन ठेवा, त्यात टाइमकोड सतत चालू राहतो; रेक रन नको, त्यात तो फक्त रेकॉर्डिंग चालू असतानाच पुढे जातो.

चौकट:
कार्डावर फुटेज आहे खरंच. कॉपी लावलीये.